वेणाकाठचा हिरा आणि त्याचे मोल

हिऱ्याचे मोल वजन, रंग, निर्मळपणा आणि घडण या चार गोष्टींवर ठरते, हे आज सराफाच्या पेढीवर येणाऱ्या बहुतेक ग्राहकांना ठाऊक असते. परंतु या चार कसोट्यांची एकत्र मांडणी विसाव्या शतकात अमेरिकेत झाली आणि त्यापूर्वी किमान दोन हजार वर्षे भारतात हिरे खणले, तोलले, विकले आणि लुटले जात होते, हे या चार शब्दांतून कळत नाही. या दीर्घ काळात मोलाचे मापदंड अनेकदा बदलले. कधी खाणीच्या नावाला, कधी स्फटिकाच्या नैसर्गिक आकाराला, कधी वजनाच्या कोष्टकाला, कधी पैलूंना, तर कधी विकणाऱ्याच्या राजकीय स्थितीला अधिक महत्त्व आले. विदर्भ आणि त्याला लागून असलेले गोंडवन यांचा या इतिहासातील वाटा फार जुना आहे, आणि या प्रदेशाच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती अशी की हिरा जिथे निघाला तिथे त्याची किंमत क्वचितच ठरली.

मध्यप्रदेशातील मोहगाव हे सौसर तालुक्यातील मराठी भाषकांचे गाव या प्रदेशाच्या उत्तर कडेला येते. पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला; फार पूर्वी हा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडे आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांकडे होता. सौसर तालुक्यातून वाहणारी कन्हान नदी नागपूर जिल्हा ओलांडून पुढे वैनगंगेला मिळते, आणि त्याच वैनगंगेच्या खोऱ्यात, आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात, खोब्रागडी नदीजवळ वैरागडचा किल्ला आणि एके काळी प्रसिद्ध असलेल्या हिऱ्यांच्या खाणींचा परिसर आहे. मोहगावच्या आसपास मात्र हिरा मिळत नाही. तिथला बराचसा काळा कातळ दक्खनच्या लाव्ह्याचा असून तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर हिरे त्याहून कितीतरी जुने असतात. ते भूपृष्ठाखाली दीडशे किलोमीटर किंवा अधिक खोलीवर प्रचंड दाबाखाली तयार होतात आणि किंबर्लाइटसारख्या विशिष्ट अग्निजन्य खडकांच्या अरुंद नळांतून वेगाने वर आले तरच टिकतात. हे नळ झिजले की सुटलेले हिरे नद्यांच्या गाळात आणि खडीच्या थरांत साचतात, आणि भारतातील प्राचीन खाणकाम बहुतांशी अशाच थरांवर चालले.

लाव्ह्याच्या खाली आणि शेजारी सौसर भागात जे जुने रूपांतरित खडक आहेत त्यांना भूशास्त्रात सौसर समूह असेच नाव आहे, आणि त्यांतील मँगनीजच्या साठ्यांमुळे हे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना परिचित झाले. एल. एल. फर्मोर यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मँगनीजवरील ग्रंथात या खडकांचे सविस्तर वर्णन आहे, आणि मँगनीजयुक्त अशा एका खडकाला त्यांनी गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ म्हटले. मँगनीजचा उल्लेख येथे करण्याचे कारण असे की हिऱ्याच्या मोलाचे वेगळेपण त्याच्या तुलनेत नीट उमगते. मँगनीजचे खनिज टनावर विकले जाते आणि त्यात धातूचे शेकडा प्रमाण किती, हे प्रयोगशाळेत काढले की भाव जवळजवळ ठरतो; त्या प्रतीचा एक टन माल दुसऱ्या टनाची जागा सहज घेऊ शकतो. सोन्याचेही तसेच आहे, कारण कसोटीच्या दगडावरची रेघ किंवा मुशीतले शुद्धीकरण त्याचा कस सांगते आणि तोडले तरी तुकड्यांची बेरीज मूळ किमतीइतकीच राहते. हिरा मात्र वितळवून तपासता येत नाही, तोडला तर त्याचे मोल नाहीसे होते, आणि एकाच वजनाच्या दोन हिऱ्यांत फरक असतोच असतो. म्हणून हिऱ्याच्या व्यवहारात पारखी हा माणूस अपरिहार्य ठरला, आणि मोलाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या पारख्याच्या डोळ्याला कोणते नियम घालून दिले गेले याचा इतिहास झाला.

असे नियम प्रथम राज्याच्या कोशागारासाठी लिहिले गेले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या रत्नांच्या प्रकरणात हिऱ्यांचे प्रकार त्यांच्या उगमस्थानावरून सांगितले आहेत आणि त्यांतील पहिला ‘सभाराष्ट्रक’ हा प्रकार टीकाकारांनी विदर्भाशी जोडला आहे. उत्तम हिरा मोठा, जड, घाव सोसणारा, सारख्या कोनांचा, भांड्यावर ओरखडा उमटवणारा आणि चकाकणारा असावा, तर ज्याचे कोन नष्ट झाले आहेत, कडा नाहीत आणि एक बाजू फुगलेली आहे तो हलका समजावा, असे तिथले निकष आहेत. हे वर्णन घडवलेल्या हिऱ्याचे नाही, खाणीतून आलेल्या स्फटिकाचे आहे. शुद्ध हिरा निसर्गतः पुष्कळदा आठ त्रिकोणी पृष्ठांचा, सहा टोकांचा आणि बारा कडांचा असतो, आणि प्राचीन रत्नशास्त्राने नेमक्या याच सहा, आठ आणि बारा या संख्यांना हिऱ्याच्या उत्तमपणाचे लक्षण मानले. तेव्हा मोल माणसाच्या कारागिरीला नसून निसर्गाने दिलेल्या नेटक्या रूपाला होते.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचा अध्याय लिहिला, तोपर्यंत उगमस्थानांची यादी अधिक रेखीव झाली होती आणि प्रत्येक स्थानाला एक रंग चिकटला होता. वेणा नदीच्या काठचा हिरा निर्मळ, कोसलातला शिरीषाच्या फुलासारखा, सौराष्ट्रातला तांबूस, सोपाऱ्याचा काळा, कलिंगाचा पिवळा, असा तो क्रम आहे. ही वेणा कोणती, यावर दोन मते आहेत. काही अभ्यासक तिला कृष्णेच्या खोऱ्यात शोधतात, तर काही तिला वैनगंगा मानतात; वैरागडच्या खाणी वैनगंगेच्याच खोऱ्यात आहेत आणि वाकाटकांच्या ताम्रपटांत या भागासाठी बेण्णाकट असे नाव येते, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ते मान्य केले तर शास्त्रकारांनी सर्वांत निर्मळ म्हणून गौरवलेला हिरा विदर्भाचा ठरतो. वराहमिहिराच्या आधीच्या शतकात या मुलखावर वाकाटकांची सत्ता होती, दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट पांढुर्ण्यालाच सापडला आहे, आणि वाकाटकांच्या दानपत्रांत गावाबरोबर तिथले निधी आणि उपनिधी, म्हणजे जमिनीखाली दडलेले धन, दान घेणाऱ्याला दिल्याचा जो उल्लेख येतो त्यावरून एरवी असे धन राजाचे मानले जाई हे उघड आहे.

बृहत्संहितेतील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे किमतीचे कोष्टक. त्यात आठ पांढऱ्या मोहऱ्यांचे वजन म्हणजे एक तंडुल, अर्थात तांदळाचा दाणा, असे माप धरले आहे आणि वीस तंडुलांच्या निर्दोष हिऱ्याची किंमत दोन लाख सांगितली आहे. टीकाकारांच्या मते हे नाणे कार्षापण समजावे. पुढे दोन-दोन तंडुल कमी होत गेले की किंमत किती घटते ते दिले आहे. अठरा तंडुलांना ती पाव हिश्श्याने कमी होते, चौदाला निम्मी, दहाला पाचवा हिस्सा, चारला शंभरावा आणि दोन तंडुलांना हजारावा हिस्सा उरतो. म्हणजे दोन तंडुलांच्या हिऱ्याला दोनशे आणि त्याच्या दहापट वजनाच्या हिऱ्याला दोन लाख, अर्थात हजारपट. मधले टप्पे कोणत्याही एका सूत्रात अचूक बसत नसले तरी दोन टोकांमधील नाते वजनाच्या घनाचे आहे, आणि मोठा दगड किती दुर्मिळ समजला जात असे याची यापेक्षा स्पष्ट नोंद प्राचीन जगात सहसा आढळत नाही. काकपद (कावळ्याच्या पावलासारखी खूण), केसासारखी रेघ, बुडबुडा, खडा किंवा भाजल्यासारखा डाग असे दोष दिसले तर किमतीचा आठवा भाग वजा करावा, असेही तिथे सांगितले आहे. आजच्या बाजाराच्या तुलनेत ही वजावट अगदी सौम्य आहे, आणि तिच्यावरून त्या काळी वजन आणि आकार यांच्यापुढे आतल्या डागांना दुय्यम स्थान होते असे म्हणता येते.

या शास्त्राला दोन गोष्टींनी दुसऱ्या दिशेने ओढले. एक म्हणजे वर्णव्यवस्था. पांढरा हिरा ब्राह्मणाचा, तांबडा क्षत्रियाचा, पिवळा वैश्याचा आणि काळा शूद्राचा, ही वाटणी रत्नग्रंथांतून पुष्कळदा येते आणि समाजातली उतरंड दगडाच्या रंगावर लादली गेल्याचे ते उघड उदाहरण आहे. दुसरी गोष्ट शुभाशुभाची. चांगला हिरा पाण्यावर तरंगतो हे विधान बृहत्संहितेतही आहे, जरी हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड असतो आणि कौटिल्याने जडपणा हाच गुण मानला होता. ज्यांनी प्रत्यक्ष तोलून कोष्टके केली त्यांनी हे विधान कधी पाण्यात टाकून पडताळले नसेल असे मानणे कठीण आहे. पारख्यांचे व्यवहारज्ञान आणि ज्योतिषग्रंथांची परंपरा या दोन वेगळ्या धारा एका अध्यायात शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो.

वैरागडचे नाव त्यानंतरच्या काळात जे येते ते बहुधा स्वाऱ्यांच्या वृत्तांतांत येते. अकराव्या शतकात चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याने वयिरागरम येथे हत्ती पकडल्याचा आणि चक्रकोटाच्या राजाकडून खंडणी घेतल्याचा उल्लेख त्याच्या आरंभीच्या शिलालेखांत आहे, आणि हे ठिकाण म्हणजे वैरागड असे अभ्यासक मानतात. फिरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथानुसार १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने गोंडवनातील कळम येथील हिऱ्यांची खाण ताब्यात घेतली आणि नंतर एलिचपुरात मुक्काम करून गाविलगड व नरनाळा या किल्ल्यांची कामे केली. अकबराच्या काळातील आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात वैरागडला हिऱ्यांची खाण असून नक्षीदार कापडही तयार होते, आणि ते चांद्याच्या बाबजी या गोंड राजाने थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या एका सरदाराकडून जिंकून घेतले, असे लिहिले आहे. चारशे-पाचशे वर्षांत खाणीचे धनी इतक्या वेळा बदलले. खाणीवर राबणाऱ्या माणसांबद्दल मात्र या साधनांत काहीच नाही, आणि ही उणीव या इतिहासातली सर्वांत दुःखद उणीव आहे.

विदर्भाच्या हिऱ्याची किंमत प्रत्यक्षात कुठे ठरत असे, याचा पुरावा मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला गोव्यात सापडतो. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य, ज्याने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार केले होते, त्याचा भारतीय औषधी आणि द्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. हिऱ्यांविषयीच्या संवादात तो विजयनगरच्या खाणींबरोबर दख्खनमध्ये इमादशहाच्या, म्हणजे वऱ्हाडच्या, राज्यालगत एका स्थानिक राजाच्या मुलखातील खाण सांगतो. तिथले हिरे ‘जुन्या खडकाचे’ म्हणून ओळखले जात आणि लिस्पोर नावाच्या शहराच्या मोठ्या जत्रेत विकायला येत. हे लिस्पोर म्हणजे एलिचपूर, आजचे अचलपूर, असे समजले जाते. गुजराती व्यापारी तिथे ते विकत घेऊन विजयनगरला नेत, कारण तिथे भाव अधिक मिळे. गोंडवनातील खाण, वऱ्हाडातली जत्रा, गुजरातचा व्यापारी आणि तुंगभद्रेकाठचा दरबार, अशी ही साखळी होती आणि तिच्या प्रत्येक कडीत भाव चढत होता. ‘जुना खडक’ हे बिरुद स्वतःच मोलाचा भाग झाले होते. वेणाकाठच्या निर्मळ हिऱ्याची ग्रंथातली कीर्ती आता बाजारातल्या नावात उतरली होती. विजयनगरात वीस मंजाडींपेक्षा, म्हणजे हिरे तोलण्याच्या तिथल्या मापाने ठरावीक वजनापेक्षा, मोठा प्रत्येक हिरा राजाकडे जमा करावा लागे असे नुनिझ या पोर्तुगीजाने नोंदले आहे. त्यामुळे मोठे दगड उघड बाजारात क्वचितच येत, चोरून मात्र पुष्कळ जात, आणि दुर्मिळतेत राजाज्ञेने आणखी भर पडत असे.

सतराव्या शतकात ज्याँ बातीस्त तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने गोवळकोंड्याच्या राज्यातील आणि विजापूरच्या हद्दीतील खाणींचे जे वर्णन लिहिले, त्यामुळे पारखीची प्रत्यक्ष पद्धत प्रथमच तपशिलात कळते. युरोपात कच्चा हिरा दिवसाच्या उजेडात पाहत, तर येथील पारखी रात्री पाहत. भिंतीत फूटभर लांबी-रुंदीचा कोनाडा करून त्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवत आणि हिरा बोटांच्या चिमटीत धरून त्याचे पाणी, म्हणजे आरपार दिसणारा स्वच्छपणा आणि छटा, न्याहाळत. सौदा बोलून होत नसे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसून कापडाखाली एकमेकांचा हात धरीत. पूर्ण हात दाबला तर हजार, पाच बोटे धरली तर पाचशे आणि एक बोट धरले तर शंभर, असे संकेत होते, आणि भोवती बसलेल्या कुणालाही भाव कळत नसे. वऱ्हाड-नागपूरच्या बैलबाजारात उपरण्याखाली बोटे दाबून जोडीचा भाव ठरवण्याची जी रीत होती तिच्याशी याचे साम्य सहज दिसते. तिच्यामागचे कारणही एकच आहे: ज्या वस्तूची जोड बाजारात नसते तिचा भाव जाहीर झाला की पुढच्या सौद्यात दोघांचीही अडचण होते.

तावेर्निएने किमतीचा नियमही दिला आहे. एक कॅरट वजनाचा निर्दोष हिरा लिव्हर या तेव्हाच्या फ्रेंच चलनात १५० लिव्हरांचा धरला तर बारा कॅरटच्या हिऱ्यासाठी बाराचा वर्ग १४४ आणि त्याला १५० ने गुणून २१,६०० लिव्हर. सदोष हिऱ्यासाठी मूळ आकडा ८० घ्यावा, म्हणजे पंधरा कॅरटचा सदोष हिरा १८,००० लिव्हरांचा. दहापट वजनाला येथे शंभरपट किंमत मिळते, बृहत्संहितेतील हजारपट नव्हे; उलट दोषासाठी जवळजवळ निम्मी किंमत कापली जाते, जिथे वराहमिहिर आठवा भागच कापतो. वजनाचे वर्चस्व उतरले आणि निर्मळपणाचे चढले, असा हा बदल आहे, आणि त्याचे कारण घडणीत शोधावे लागते. भारतीय कारागीर स्वच्छ दगडाला चाकावर जेमतेम स्पर्श करीत, कारण वजन घटू द्यायचे नव्हते, आणि डाग असेल तरच तो लपवण्यासाठी पुष्कळ पैलू पाडत, हे तावेर्निएनेच नोंदले आहे. युरोपात त्या सुमारास उलट विचार रुजत होता. हिरा प्रकाशकिरणाला इतर बहुतेक पारदर्शक रत्नांपेक्षा अधिक वाकवतो, आणि पैलू ठरावीक कोनांत पाडले तर वरून शिरलेला प्रकाश तळातून निसटून न जाता पुन्हा वर येतो. या झळाळीसाठी कच्च्या दगडाचे निम्मे वजनही घालवायला तिथला कारागीर तयार झाला. अशा हिऱ्यात आतला प्रत्येक डाग अनेक पैलूंतून प्रतिबिंबित होतो, म्हणून दोषाची किंमत वाढली. १८५२ मध्ये लंडनमध्ये कोहिनूर पुन्हा घडवला गेला तेव्हा तो सुमारे १८६ कॅरटवरून १०५.६ कॅरटवर आला.

नावाची जादू किती चालते, हे अठराव्या शतकात गोव्याने दाखवले. १७२० नंतरच्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, पण ते हलक्या प्रतीचे आहेत असा प्रवाद युरोपच्या बाजारात पसरवला गेला, तेव्हा पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ब्राझीलचे हिरे गोव्याला आणून तिथून भारतीय माल म्हणून युरोपला पाठवल्याचे इतिहासकार सांगतात. दगड तोच, पाणी तेच, वजन तेच. उगमाचे नाव बदलले की भाव बदलत होता. याच ब्राझीलमध्ये १८५३ मध्ये सापडलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा घडवल्यावर १२८ कॅरटचा झालेला हिरा पुढे बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी विकत घेतला, तोवर भारताच्या खाणी जवळजवळ थकल्या होत्या आणि मराठी राजघराण्याला हिरा परदेशातून आणावा लागत होता.

मराठी मुलखातून बाहेर गेलेल्या हिऱ्यांत नासक हिऱ्याची कथा मोलाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचा संबंध सांगितला जातो तो हा हिरा तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दुसऱ्या बाजीरावाच्या पराभवानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला आणि १८१८ मध्ये लंडनला गेला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. तो रंडेल आणि ब्रिज या पेढीने सुमारे ३,००० पौंडांना घेतला आणि पुन्हा घडवून ७८ कॅरटांच्या आसपास आणला. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे ७,२०० पौंडांना गेला. पुढे १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याने तो तिसऱ्यांदा घडवून ४३.३८ कॅरटचा केला, आणि १९७० च्या न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ५,००,००० डॉलर आले. त्र्यंबकेश्वरी असताना तो देवाचा होता आणि त्याला भावच नव्हता. लुटीनंतर त्याला भाव आला, आणि वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घालवल्यावर तो निर्दोष म्हणून गणला गेला. भारतीय कारागिराने वजन राखण्यासाठी ठेवलेले त्याचे मूळ रूप मात्र कायमचे गेले, आणि ते नुकसान कोणत्याही लिलावाच्या आकड्यात धरलेले नाही.

नागपूरच्या भोसल्यांच्या जवाहिराचे वाटोळे याहून क्रूर पद्धतीने झाले. तिसऱ्या रघूजीचा मृत्यू डिसेंबर १८५३ मध्ये झाला, दत्तक नामंजूर करून गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले, आणि त्याबरोबर मोहगाव-सौसरचा मुलूखही कंपनीच्या अमलाखाली आला. राण्यांच्या विरोधाला न जुमानता राजवाड्यातील चीजवस्तू काढून घेण्यात आल्या. हत्ती, घोडे आणि बैल नागपुरातच विकले गेले आणि रत्ने कलकत्त्याला पाठवून १८५५ मध्ये हॅमिल्टन आणि कंपनी या पेढीमार्फत लिलावात काढली गेली. राज्य खालसा करण्यावर टीका करणाऱ्या इंग्रज इतिहासकारांनी या विक्रीबद्दलही खंत नोंदवली आहे. एखाद्या राजघराण्याचे पिढ्यांचे जवाहीर एकदम बाजारात ओतले गेले, विकणाऱ्याला नकार देण्याचा अधिकार नसला आणि घेणारे मूठभर असले, तर कोणत्याही पारख्याचे कोष्टक उपयोगी पडत नाही. चार कसोट्यांच्या आजच्या यादीत न बसणारी ही पाचवी गोष्ट, म्हणजे विकणाऱ्याची निकड किंवा असहायता, हिऱ्याच्या इतिहासात सर्वांत अधिक वेळा निर्णायक ठरलेली आहे.

वैरागडच्या खाणी एकोणिसाव्या शतकात श्रमाचे मोल निघत नाही म्हणून सोडून दिल्या गेल्या. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे इतक्या प्रमाणात निघू लागले की जुना दुर्मिळतेचा हिशेबच मोडला, आणि १८८८ मध्ये स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने पुढे विसाव्या शतकाचा मोठा काळ बाजारात येणारा माल आवरून धरून भाव टिकवले. १९०७ मध्ये २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट ठरला, तेव्हा रती, मंजाडी आणि गावोगावचे निरनिराळे कॅरट हळूहळू मागे पडले. १९३१ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शिपली यांनी रत्नशास्त्राची संस्था काढली. तिने १९५० च्या दशकात रंगाची डी ते झेड ही श्रेणी आणि निर्मळपणाच्या पायऱ्या पक्क्या केल्या. वर्णांच्या उतरंडीतला पांढरा हिरा या श्रेणीत रंगहीन म्हणून पुन्हा शिखरावर बसला. पिवळसर छटा वाढेल तशी किंमत उतरते, आणि अगदी गडद रंगाचे हिरे मात्र वेगळ्या, अधिक महाग वर्गात जातात. कापडाखालच्या हाताची जागा प्रमाणपत्राने घेतली, आणि मुंबई-सुरतच्या व्यापाऱ्याला न्यूयॉर्कमधल्या अनोळखी ग्राहकाशी सौदा करता येऊ लागला. हा खरोखरच मोठा लाभ आहे. डोळ्याचे ज्ञान काही घराण्यांपुरते राहिले नाही.

१९५४ मध्ये प्रयोगशाळेत हिरा तयार झाला आणि गेल्या दशकभरात तो दागिन्यांच्या बाजारात आला, तेव्हा चार कसोट्यांची मर्यादा उघडी पडली. वजन, रंग, निर्मळपणा आणि घडण यांत नैसर्गिक हिऱ्याच्या तोडीस तोड असलेला हा हिरा डी बिअर्सच्याच एका कंपनीने २०१८ मध्ये कॅरटला ८०० डॉलर या एकसारख्या दराने विकायला काढला आणि त्यानंतर भाव आणखी घसरले. रसायनाच्या दृष्टीने दोन्ही शुद्ध कार्बनच आहेत, आणि साध्या डोळ्याने त्यांत भेद करता येत नाही. भेद कळतो तो वाढीच्या खुणा तपासणाऱ्या यंत्रांना, आणि किंमत ठरते ती त्या यंत्राने दिलेल्या उत्तरावर.

मोहगाव ज्या राज्यात आहे त्या मध्यप्रदेशातच, उत्तरेला पन्ना जिल्ह्यात, आज भारतातील हिऱ्यांचे मुख्य खाणकाम चालते. मझगवाँ येथे राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाची यांत्रिक खाण आहे, आणि तिच्याखेरीज साधे ग्रामस्थ सरकारकडून आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद अशा तुकड्यांचे पट्टे अल्प शुल्कावर घेऊन उथळ खाणी खोदतात. खडीचा थर काढायचा, पाण्यात धुवायचा, वाळवायचा आणि हाताने वेचायचा, ही पद्धत वैरागडच्या काळापासून फारशी बदललेली नाही. अनेकांना वर्षभर खोदून काहीच मिळत नाही. हिरा मिळाला तर तो जिल्ह्याच्या हिरा कार्यालयात जमा करावा लागतो, जिथे सरकारी पारखी तो तोलतो, त्याचे पाणी पाहतो आणि उज्ज्वल, मैला किंवा औद्योगिक उपयोगाचा अशी प्रत लावून नोंद करतो. पुढे तो जाहीर लिलावात ठेवला जातो, सुरत-मुंबईचे व्यापारी बोली लावतात, आणि आलेल्या रकमेतून स्वामित्वधन व कर मिळून सुमारे बारा टक्के वजा करून उरलेली रक्कम खोदणाऱ्याच्या हाती दिली जाते. अपेक्षित बोली न आल्यास हिरा कार्यालयातच राहतो आणि पुढच्या लिलावात पुन्हा मांडला जातो.